धूळपाटी ते वही : गणिताच्या शिक्षणात लेखनाचे स्थान

भगवान ऋषभदेवांनी आपल्या दोन कन्यांना विद्या दिल्याची कथा जैन घरातील बालकाच्या कानावर फार लवकर पडते. ब्राह्मी उजव्या बाजूस बसली होती, सुंदरी डाव्या बाजूस. भगवंतांनी उजव्या हाताने ब्राह्मीला अक्षरे लिहून दाखविली आणि डाव्या हाताने सुंदरीला अंक. म्हणून अक्षरे डावीकडून उजवीकडे जातात व अंकांची स्थाने मात्र एकं, दहं, शतं अशी उजवीकडून डावीकडे मोजली जातात, असा या कथेचा परंपरेने लावलेला अर्थ आहे. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात ही कथा आली आहे. तिच्या ऐतिहासिकतेची चर्चा येथे प्रस्तुत नाही. परंतु एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. या कथेत गणित पाठ करावयास दिलेले नाही; ते लिहून दाखविलेले आहे. अक्षर आणि अंक एकाच बैठकीत, एकाच गुरूच्या दोन हातांनी, लेखनाच्या रूपाने अवतरतात.

जैन आगमांतील बहात्तर कलांच्या गणनेतही आरंभी लेख येतो आणि गणिताला प्रधान मानले जाते. ओरिसातील भुवनेश्वरजवळच्या उदयगिरीवर हाथीगुंफेत कलिंगाधिपती खारवेल याचा शिलालेख आहे. अरिहंत व सिद्ध यांना नमस्कार करून तो सुरू होतो. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत बालक्रीडा करून पुढे हा राजपुत्र लेख, रूप, गणना, व्यवहार व विधी यांत निपुण झाला, असे त्यात नमूद आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजपुत्राच्या अभ्यासक्रमात लेखन आणि गणना शेजारीशेजारी आहेत. महाराष्ट्रात मुलाच्या विद्यारंभाला ‘ओनामा’ म्हणत. तो शब्द ‘ओम् नमः सिद्धम्’ या मंगलवचनापासून आला. त्यात सिद्ध परमेष्ठींना केलेला नमस्कार जैन परंपरा पाहते.

असे असले तरी प्राचीन भारतात शिक्षणाचा मुख्य आधार लेखणी नव्हे, स्मरणशक्ती हा होता. आगमांचे ज्ञानही शतकानुशतके मुखोद्गत राहिले. स्मरणशक्ती क्षीण होत चालल्याची जाणीव झाली, तेव्हा गिरनारच्या चंद्रगुंफेत आचार्य धरसेनांनी पुष्पदंत व भूतबली यांना ज्ञान दिले आणि त्यांनी षट्खंडागम लिपिबद्ध केला, अशी दिगंबर परंपरा आहे; श्रुतपंचमीचा सण त्याचेच स्मरण होय. श्वेतांबर परंपरेत हेच कार्य वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली झाले. पाठांतर आणि लेखन यांच्यातील हा प्रश्न गणितालाही टळला नाही. उलट गणितात तो अधिक अवघड झाला, कारण गणितात केवळ नियम जपून भागत नाही, नियम वापरून केलेली कृतीही जपावी लागते.

या दृष्टीने राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळाकडे पाहणे उद्बोधक ठरते. मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड, ही त्याची राजधानी. महाराष्ट्राचा मोठा भाग याच राज्यात होता. आदिपुराणाचे कर्ते जिनसेन हे या सम्राटाचे गुरू होते आणि याच सम्राटाच्या राज्यकाळात, इ. स. 850 च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. ज्योतिषाच्या ग्रंथातील एखादा अध्याय म्हणून नव्हे, तर केवळ गणितासाठी लिहिलेल्या जुन्या ग्रंथांत त्याचे स्थान फार वरचे आहे. संज्ञा, परिकर्म, अपूर्णांक, त्रैराशिक, मिश्रक, क्षेत्र, खात, छाया अशी त्याची प्रकरणे आहेत आणि अकराशेहून अधिक श्लोक आहेत. आज शाळेत ज्याला लसावि म्हणतात, तो या ग्रंथात ‘निरुद्ध’ या नावाने भेटतो व अपूर्णांकांची बेरीज करण्यासाठी वापरलेला दिसतो.

संज्ञा-प्रकरणात महावीराचार्यांनी गणकाचे आठ गुण सांगितले आहेत. कृती थोडक्यात करणे, इष्ट उत्तर येईल की नाही याचा आधी विचार करणे, अनिष्ट ओळखून टाळणे, आळस नसणे, नीट ग्रहण करणे, ग्रहण केलेले धारण करणे, नवीन उपाय शोधणे आणि अज्ञात राशी व्यक्त करणारे अंक शोधून काढणे असे त्यांचे साधारण स्वरूप आहे. या आठांत पाठांतराचा वाटा ‘धारण’ या एका गुणापुरता आहे. उरलेले सात गुण पाठांतराने येणारे नाहीत.

मग त्या काळचा विद्यार्थी गणित करी कशावर? ‘पाटीगणित’ हे शास्त्राचे नावच त्याचे उत्तर देते. ‘धूलिकर्म’ हे त्याचे दुसरे नाव. लाकडी फळीवर किंवा जमिनीवर बारीक धूळ पसरावयाची, बोटाने अथवा काडीने अंक काढावयाचे, काम झालेले अंक पुसावयाचे आणि त्याच जागी नवे मांडावयाचे. श्लोक मुखात, अंक धुळीत. गुणाकाराची ‘कपाटसंधी’ नावाची रीत महावीराचार्यांनी सांगितली आहे. दाराच्या दोन कवाडांप्रमाणे गुण्य आणि गुणक एकमेकांलगत मांडून ती करावयाची असते. 34 ला 12 ने गुणावयाचे झाल्यास ती ढोबळमानाने अशी चाले : खाली 34 मांडावयाचे आणि 12 असे वर ठेवावयाचे की त्यातील 2 हा अंक 3 च्या डोक्यावर यावा. बारा त्रिक छत्तीस. 3 पुसून तेथे 36 मांडले. आता ओळीत 364 दिसते. गुणक एक घर उजवीकडे सरकवून 4 च्या डोक्यावर आणावयाचा. बारा चोक अठ्ठेचाळीस. 4 पुसून 8 मांडला, हातचे चार 6 मध्ये मिळविले, दहा झाले, 6 च्या जागी शून्य आले आणि 3 चा 4 झाला. ओळीत उरले 408.

उत्तर बिनचूक आले, परंतु आता पाटीवर 34 नाही, आणि गुणकही पुसून टाकला की 12 नाही. विद्यार्थ्याची चूक झाली असती तर ती कोठे झाली हे गुरूला पाटी पाहून सांगता आले नसते. धुळीवरील गणित जलद होते आणि त्याला खर्च काहीच नव्हता. कागद नसलेल्या देशात ही सोय लहान नव्हती. परंतु विचार ज्या वाटेने गेला ती वाट पाटी प्रत्येक पावलागणिक पुसत जाई.

भारतीय अंकगणित अरबांकडे गेले तेही या धुळीसकट. दमास्कस येथे इ. स. 952-53 च्या सुमारास अबुल हसन अल्-उक्लिदिसी याने भारतीय गणितावर अरबी ग्रंथ लिहिला. धुळीची पाटी घेऊन रस्त्यावर बसणाऱ्या पोटभरू भविष्यवाद्यांमुळे या रीतीला हलकेपणा येतो, अशी त्याची तक्रार होती. त्यावर त्याने उपाय काढला : भारतीय रीती अशा बदलावयाच्या की काहीही न पुसता त्या शाईने कागदावर करता याव्यात. वरवर हा प्रतिष्ठेचा प्रश्न दिसतो. प्रत्यक्षात त्याने गणिताच्या शिक्षणातील एक मोठे परिवर्तन लिहून ठेवले. अंक पुसला नाही की त्याच्याखाली दुसरी ओळ लिहावी लागते, आणि ओळीखाली ओळ आली की पायऱ्या तयार होतात. आज प्राथमिक शाळेत शिकविला जाणारा, एकाखाली एक ओळी मांडून शेवटी बेरीज करावयाचा गुणाकार हा याच वळणाचा आहे.

तरीही पाटीचे दिवस म्हणजे लेखनाला किंमत नसलेले दिवस, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. मांडणीला तेथे फार महत्त्व होते. उदाहरणातील राशी पाटीवर योग्य जागी ठेवण्याला ‘न्यास’ किंवा ‘स्थापना’ म्हणत आणि ही स्वतंत्र पायरी मानली जाई. त्रैराशिकात प्रमाण, फल आणि इच्छा या तीन राशी एका ओळीत मांडावयाच्या. पहिली आणि तिसरी एका जातीची, मधली वेगळ्या जातीची. 5 मीटर कापडाला 400 रुपये, तर 12 मीटरला किती, हे उदाहरण 5, 400, 12 असे मांडले की अर्धे काम झाले. मधल्या राशीला शेवटच्या राशीने गुणून पहिल्या राशीने भागावयाचे : 960 रुपये. ज्या विद्यार्थ्याला राशी कोणत्या घरात ठेवावयाच्या हे कळले, त्याला उदाहरण कळले. ज्याला ते कळले नाही, त्याला श्लोक कितीही पाठ असला तरी व्यर्थ. पेशावरजवळ बख्शाली गावी 1881 साली सापडलेल्या भूर्जपत्रांच्या पोथीत तर उदाहरण, मांडणी, कृती आणि शेवटी ताळा असा क्रम पाळलेला आढळतो, आणि अंक चौकटींत बसविलेले आहेत.

महावीराचार्यांच्या ग्रंथात एक जागा अशी आहे की जेथे लेखनावाचून गणिताचा आनंदच मिळणार नाही. गुणाकाराच्या प्रकरणात त्यांनी मुद्दाम अशी उदाहरणे दिली आहेत की ज्यांची उत्तरे गळ्यातील हारासारखी दिसावीत. 139 ला 109 ने गुणले असता 15151 येतात. 142857143 ला 7 ने गुणले तर 1000000001; दोन टोकांना दोन मणी आणि मध्ये शून्यांची माळ. 27994681 ला 441 ने गुणल्यास 12345654321 मिळतात. चढत जाऊन उतरणारी ही माळ कोणीही करून पाहावी. आता हेच उत्तर शब्दांत म्हणून पाहावे : बाराशे चौतीस कोटी छप्पन्न लक्ष चोपन्न हजार तीनशे एकवीस. कान काहीच ओळखत नाही. डोळा मात्र तत्क्षणी ओळखतो. श्लोकात संख्या शब्दांनी येते, तेथे माळ दिसत नाही. विद्यार्थ्याने हिशेब पुरा करून अंक ओळीने मांडले की ती प्रकट होते. सम्राटाच्या राजधानीतील कोणा मुलाने पाटीवर हे पहिल्यांदा पाहिले असेल, तेव्हा ते उत्तर पुसावयास त्याचा हात सहजी गेला नसावा.

मूळ ग्रंथकार सूत्र देतात; कृती लिहून ठेवण्याचे काम टीकाकारांनी केले, आणि येथे जैन साधूंचे ऋण मोठे आहे. अकराव्या शतकातील गणिती श्रीपती हा रोहिणीखंडचा. हे गाव म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेड असे अभ्यासक मानतात. त्याच्या ‘गणिततिलक’ या ग्रंथावर तेराव्या शतकात सिंहतिलकसूरी या श्वेतांबर आचार्यांनी संस्कृत टीका लिहिली. श्रीपतीने जे एका श्लोकात सांगितले, ते सूरींनी पायरी-पायरीने उलगडले : अंक असे मांडावेत, याने त्याला गुणावे, आता हे उरले, आता ते पुसावे. पाटीवर क्षणभर राहून नाहीसे होणारे काम त्यांनी पोथीत स्थिर केले. ही टीका श्रीपतीच्या मूळ ग्रंथासह हिरालाल रसिकदास कापडिया यांनी संपादित केली व ती 1937 साली बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सीरिजमध्ये प्रसिद्ध झाली. हस्तलिखित अपूर्ण होते. विदर्भातील गणिताचा ग्रंथ जैन साधूच्या टीकेच्या आधाराने टिकावा, ही घटना दोन्ही परंपरांनी अभिमानाने सांगावी अशी आहे, पण ती फारशी सांगितली जात नाही.

दिल्लीच्या सुलतानांच्या टांकसाळीत अधिकारी असलेला ठक्कुर फेरू हा श्रीमाळ जैन गृहस्थही येथे आठवतो. चौदाव्या शतकाच्या आरंभी त्याने ‘गणितसारकौमुदी’ ही रचना संस्कृतात न करता लोकभाषेच्या जवळच्या भाषेत केली. व्यापारी, गवंडी, सुतार यांचे हिशेब त्यात आहेत. त्याच्या ग्रंथांचे हस्तलिखित 1946 साली कलकत्त्यात अगरचंद व भंवरलाल नाहटा यांच्या हाती लागले. ‘गणितसारसंग्रहा’ची कथा याहून वेगळी नाही. मद्रासच्या एम. रंगाचार्य यांनी त्याच्या विखुरलेल्या प्रती जमविल्या, त्यांत मूडबिद्रीहून मिळालेल्या कन्नड लिपीतील ताडपत्री प्रतीचीही मदत झाली, आणि 1912 साली इंग्रजी भाषांतरासह ग्रंथ छापला गेला. पुढे 1963 मध्ये लक्ष्मीचंद्र जैन यांनी केलेली हिंदी अनुवादासहित आवृत्ती सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत प्रकाशित केली. महाराष्ट्रातील जैन समाजाने आपल्या गणिताचार्यांचे केलेले हे खरे श्रुतपूजन होय.

मराठी मुलखातील सामान्य मुलाला मात्र यांतील एकही पोथी दिसण्याचा संभव नव्हता. त्याचे गणित पंतोजींच्या शाळेत घडले. तेथेही आरंभ धूळपाटीनेच होई. धुळाक्षरे गिरवून झाली की अंक, अंकांमागून पाढे, आणि पाढ्यांमागून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. संध्याकाळी सर्व मुलांनी एका सुरात परवचा म्हणावयाचा. या पाठांतराची टवाळी करणे आज सोपे आहे. साडेतीन आणे शेराने सतरा शेरांचे किती, याचे उत्तर औटकी पाठ असलेला मुलगा डोळे मिटून देई, आणि बाजारपेठेत त्या काळी तेवढ्याची नितांत आवश्यकता होती. परंतु त्याला ‘कसे आले?’ असे विचारले असता तो पुन्हा औटकीच म्हणून दाखवी.

बंगालमधील गावशाळांची पाहणी करून विल्यम ॲडम यांनी 1835 ते 1838 या काळात जे अहवाल सादर केले, त्यांत लेखन-साहित्य आणि गणित यांचा संबंध स्पष्ट दिसतो. तेथे मूल प्रथम जमिनीवर अक्षरे काढी, नंतर ताडपत्रावर लिही, नंतर केळीच्या पानावर आणि अखेरीस कागदावर. ताडपत्राच्या पायरीला कोष्टके लिहून पाठ करावयाची, केळीच्या पानाच्या पायरीला बेरीज-वजाबाकी व हिशेब, कागदाच्या पायरीला प्रगत हिशेब. कागद महाग, म्हणून तो शेवटी. चुका केळीच्या पानावर करावयाच्या. पान दुसऱ्या दिवशी सुकून जाई.

व्यापारी घरातील मुलाला दोन प्रकारची लेखने शिकावी लागत, हे येथे नोंदविले पाहिजे. शाळेतील पाटी पुसण्यासाठी होती. पेढीवरील कीर्द-खतावणी मात्र कधीच पुसावयाची नसे. चुकीची रक्कम लिहिली गेली तर ती खरवडून काढणे हा गुन्हा समजला जाई. जमेची चूक नावे टाकून, नावेची चूक जमा करून दुरुस्त करावयाची. परिणामी चूक आणि तिची दुरुस्ती दोन्ही वहीत राहत, आणि वर्षाअखेरीस ताळमेळ घेणाऱ्याला सर्व वाट दिसे. दिवाळीला ज्या वहीची पूजा होते, ती अशी पुसली न जाणारी वही होय. गणिताचे जे लेखन शाळेला फार उशिरा सुचले, ते पेढीला आधीपासून ठाऊक होते.

इंग्रजी अमदानीत दगडी पाटी आली. तिच्या प्रवासात एक गंमत आहे. मद्रासच्या लष्करी अनाथालयाचा प्रमुख अँड्र्यू बेल याने देशी शाळेतील मुलांना वाळूत अक्षरे काढताना पाहिले, ती रीत आपल्या शाळेत आणली, आणि 1797 मध्ये लंडनला त्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवावयाची ही पद्धत इंग्लंडभर पसरली आणि पुढे पाटी-पेन्सिलीसह पुन्हा हिंदुस्थानात परतली. मुंबई इलाख्यात 1820 च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी मराठीतून गणिताची पुस्तके तयार करविली. छापील पुस्तकात सोडवून दाखविलेले उदाहरण प्रथमच प्रत्येक मुलाच्या डोळ्यांपुढे आले. त्यापाठोपाठ वह्या आल्या, लेखी परीक्षा आली आणि ‘रीत लिहा’ हा आदेशही आला.

हा आदेश सर्वांना रुचला नाही. लोकमान्य टिळकांविषयी सांगितली जाणारी आख्यायिका महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. शाळेत गणिते ते तोंडीच सोडवीत. रीत कोठे केली असे गुरुजींनी विचारले असता त्यांनी डोक्याकडे बोट दाखविले, असे म्हणतात. या गोष्टीचे कौतुक करताना एक गोष्ट दृष्टिआड होते. ज्याच्या मस्तकात रीत आहे त्याने ती लिहिली नाही तरी त्याचे काही अडत नाही. अडते ते त्याच्या शेजारी बसलेल्या मुलाचे, कारण त्याला शिकण्यासाठी काहीच उरत नाही.

श्रीनिवास रामानुजन (1887-1920) यांचे उदाहरण याहून गंभीर आहे. कागद परवडत नसल्याने ते पाटीवर गणित करीत, कोपराने पुसत आणि अखेरचा निष्कर्ष तेवढा वहीत उतरवून ठेवीत. शालेय वयात त्यांच्या हाती पडलेले कार यांचे पुस्तकही असेच होते : सिद्धान्तांची लांबलचक यादी आणि सिद्धता जवळजवळ नाहीत. रामानुजन यांच्या वह्यांत तीन हजारांहून अधिक निष्कर्ष आहेत. ते कसे मिळाले, हे त्या पाटीबरोबर गेले. अमेरिकन गणिती ब्रूस बर्न्ट यांनी एकेका निष्कर्षाची सिद्धता शोधून वा जमवून वह्यांचे पाच खंड प्रसिद्ध केले. पहिला 1985 मध्ये, पाचवा 1998 मध्ये. एका तरुणाने मद्रास इलाख्यातील एका ओसरीवर पुसलेल्या ओळी पुन्हा लिहिण्यास अनेक विद्वानांची कित्येक वर्षे लागली. रामानुजन यांच्या प्रतिभेबद्दल पुष्कळ लिहिले जाते. कागदाच्या किमतीबद्दल फारसे लिहिले जात नाही.

आज कागद स्वस्त आहे. पाटी बहुतेक घरांतून गेली. गणिताच्या वह्या भरलेल्या असतात, पायऱ्यांना गुण असतात. तरीही मुलांची गणिताची भीती गेलेली नाही, आणि त्याचे एक कारण या वह्यांतच शोधावे लागेल. फळ्यावरची रीत जशीच्या तशी उतरविणे म्हणजे गणित लिहिणे नव्हे; ते नव्या साहित्यावर केलेले जुने पाठांतर होय. औटकी म्हणणारा मुलगा निदान बाजारात उपयोगी पडे. मार्गदर्शकातील पायऱ्या उतरविणारा मुलगा पुढील वर्षी त्याच पायरीवर अडखळतो. ज्या शाळांतून शिक्षक मुलांना ‘येथे भागाकार का केला, ते दोन वाक्यांत लिही’ असे सांगतात, तेथे वेगळेच चित्र दिसते. मूल मराठीत वाक्य लिहू लागते आणि अर्ध्यावर थांबते. जेथे थांबते तेथेच त्याला न कळलेली गोष्ट असते. सिंहतिलकसूरींनी श्रीपतीसाठी जे केले, ते त्या मुलाने स्वतःसाठी करावयाचे असते. यास वेळ लागतो व अभ्यासक्रम मागे राहतो, ही शिक्षकांची तक्रार खोटी नाही. साठ मुलांच्या वर्गात साठ स्पष्टीकरणे वाचणे कोणालाही कठीणच.

बोलणे आणि लिहिणे यांच्यातील अंतर किती मूलभूत आहे, याची आठवण महाराष्ट्राला 2019 साली झाली. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ या रूढ वाचनाबरोबर ‘वीस एक’ असे वाचन सुचविले गेले. मोठे वादळ उठले. वृत्तपत्रांतून थट्टा झाली, विधानसभेतही चर्चा झाली. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी कारण स्पष्ट केले होते. मराठीत आपण आधी एकं म्हणतो व मग दहं. लिहिताना मात्र डावीकडून आधी दहं येतात. ‘त्रेसष्ट’ ऐकून मूल 36 लिहून बसते, ते त्याच्या मंदबुद्धीमुळे नव्हे. भाषेच्या रूपावर घाला आल्याची भावना विरोधकांच्या ठायी होती व ती समजण्याजोगी होती. परंतु त्या गदारोळात कोणी ब्राह्मी आणि सुंदरी यांची कथा आठविली असती, तर तंटा किती जुना आहे हे ध्यानात आले असते. उजव्या हाताचे लेखन एका दिशेने, डाव्या हाताचे दुसऱ्या दिशेने, आणि दोन्ही एकाच वेळी शिकणारे मूल मध्ये.

शेवटी महावीराचार्यांकडे परत यावे लागते, कारण त्यांच्या ग्रंथात एक चूक आहे. ऋण संख्येला वर्गमूळ नसते, हे त्यांनी त्या काळी अचूक ओळखले. परंतु शून्याने भागले असता संख्या तशीच राहते, असेही त्यांनी लिहिले. ते बरोबर नाही. सुमारे तीनशे वर्षांनी, 1150 च्या काळात, भास्कराचार्यांनी अशा राशीला ‘खहर’ असे वेगळे नाव दिले आणि ती कितीही मिळविल्याने वा वजा केल्याने बदलत नाही असे सांगितले. गणिताचा प्रवास तेथून पुढे चालू राहिला. मूडबिद्रीच्या ताडपत्रावर, मद्रासच्या छापील पानावर आणि सोलापूरच्या आवृत्तीत महावीराचार्यांचा तो श्लोक जसाच्या तसा आहे. शतकानुशतके नकला करणाऱ्या कोणाही लेखकाने तो खरवडून काढला नाही.